सरांचे पाय

पुण्यात ड्रायव्हिंग स्कूल कोणी निवडत नाही. ते घराखाली असतं. दात काढायचा तर माणूस चार ठिकाणी चौकशी करतो, मुलाला क्लासला घालायचं तर गेल्या वर्षीचे निकाल मागतो. पण ज्याच्या भरवशावर आपण आयुष्यात पहिल्यांदा पीएमपीच्या बससमोर जाऊन उभे राहणार, तो माणूस कसा ठरतो? तर त्याचा गाळा इस्त्रीवाल्याच्या शेजारी असतो, यावरून. कपडे टाकायला गेलेला गृहस्थ येताना नाव नोंदवून येतो. चौकशी एकच: "लायसन्स धरून किती?"

पहिली गडबड इथेच होते. लायसन्स धरून किती, असं विचारलं की समोरच्याला कळतं, याला लायसन्स हवंय. गाडी चालवता यायला हवी, असं काही हा बोललेला नाही. मग तो लायसन्स मिळवून देतो. बिचाऱ्याचं काय चुकलं?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काय काय असावं याची यादी दिली आहे. नाव झाकून वाचली तर इंजिनिअरिंग कॉलेजची वाटेल. फळा. रस्ते आणि सिग्नल यांची मॉडेलं मांडलेला बोर्ड. वाहतूक चिन्हांचे तक्ते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक ड्रम. पंक्चरचं सामान, जॅक, टायरमधली हवा मोजायचं मीटर. विद्यार्थ्यांना बसायला बाकं. प्रथमोपचाराची पेटी. शिवाय मोटारीची यंत्रणा, रस्ता सुरक्षा, वाहतुकीचे कायदे या विषयांवरच्या पुस्तकांचा संग्रह. शिकवणारा किमान दहावी पास, पाच वर्षं गाडी चालवलेला आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र असलेला हवा.

आमच्या सरांच्या गाळ्यात यातलं बरंच काही होतं. मधोमध कापून आतले दाते दिसतील असा केलेला गिअरबॉक्स होता, टेबलाखाली. टेबलावर बसणारी मुलगी चपला काढून त्याच्यावर पाय ठेवायची, कारण फरशी गार लागते. चिन्हांचा तक्ता भिंतीवर होता. पण त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर 'येथे इन्शुरन्स, पीयूसी, फास्टॅग, पॅन कार्ड, रंगीत झेरॉक्स' असा दुसरा कागद चिकटवलेला होता. त्यामुळे आमच्या बॅचला काय करायला बंदी आहे ते सगळं ठाऊक होतं, पुढे धोका काय आहे ते अजिबात नाही. पुस्तकांच्या संग्रहात एक पुस्तक होतं. ते सुतळीने खुर्चीला बांधलेलं होतं. मागच्या संग्रहाचा अनुभव वाईट असावा.

अभ्यासक्रमही नियमांत दिलाय आणि त्याचा एक भाग चक्क 'चालकांसाठी जनसंपर्क' असा आहे. रस्त्यावरच्या इतरांशी सौजन्याने कसं वागावं, हे त्यात शिकवायचं. हा भाग सरांनी प्रात्यक्षिकासह घेतला. करिश्मा चौकात एक रिक्षा आडवी आली तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि संपर्क साधला. रिक्षावाल्याच्या मागच्या तीन पिढ्यांपर्यंत तो पोहोचला.

चेष्टा सोडा. त्या नियमांतलं एक कलम मात्र पाठ करून जावं. कारसारख्या खासगी गाडीचं शिक्षण किमान २१ दिवसांचं असलं पाहिजे, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास भरले पाहिजेत. बाहेरचा बोर्ड म्हणतो, '१५ दिवसांत कार शिका', रोज अर्धा तास. गणित साधं आहे: साडेसात तास. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी अडीच तास बोर्ड रंगवतानाच गेलेले असतात. आणि सुरळीत काही होत नाही, कारण त्याच बोर्डावर खाली लिहिलेलं असतं, 'पिकअप-ड्रॉप फ्री'.

पिकअप-ड्रॉप फ्री म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. सर तुम्हाला घ्यायला येतात तेव्हा गाडी चालवणारा तुमच्या आधीचा विद्यार्थी असतो. त्याला त्याच्या घरी सोडायचं, मग तुम्ही चालवायचं, ते तुमच्या पुढच्या विद्यार्थ्याच्या घरापर्यंत. तो जिन्यावरून "आलो, आलो" म्हणत पाच मिनिटं उतरत असतो. तो उतरेपर्यंत तुम्ही 'गाडी चालू ठेवून थांबणे' हा भाग शिकता. एकाची शिकवणी ही दुसऱ्याची फुकट रिक्षा, अशी ही साखळी सकाळी साडेसहाला सुरू होते आणि शेवटचा विद्यार्थी सरांना त्यांच्या घरी सोडतो.

शिवाय सरांचा संसार आहे. आमच्या बॅचचा रस्ता कुठल्या शिक्षणतज्ज्ञाने आखलेला नव्हता, सरांच्या सौ.नी आखला होता. सोमवारी डावं वळण शिकायचं, कारण डावीकडे मुलाची शाळा. बुधवारी संगम पुलाजवळच्या आरटीओपर्यंत लांबची फेरी, कारण तिथे फायली द्यायच्या. गुरुवारी दत्ताच्या देवळासमोर पॅरलल पार्किंग. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमच्याबरोबर होते, ते हिशेबाला पक्के. त्यांनी एकदा हळूच विचारलं, "सर, हा नारळ घ्यायला थांबलोय, तो वेळ माझ्या अर्ध्या तासात धरायचा का?" सर म्हणाले, "काका, गर्दीत गाडी कशी लावायची ते शिकवतोय." काकांनी गाडी लावली, आणि नारळाचे पैसेही काकांनीच दिले, कारण सरांकडे सुट्टे नव्हते.

यावरचा उपाय भांडण हा नाही. शाळेने एक रजिस्टर ठेवायचं असतं. नमुना १५ म्हणतात त्याला. विद्यार्थ्याने कुठल्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली, याची नोंद त्यात करायची. पहिल्या दिवशी गोड आवाजात विचारावं, "सर, ती तासांची वही असते ना, त्यात माझी सही रोज घ्याल ना?" बस. वही निघो न निघो, हा माणूस वाचून आलाय एवढं सरांना कळतं, आणि नारळ दुसऱ्याच्या अर्ध्या तासात जातो.

बॅचमध्ये तिघं-चौघं असले तर एक जण चालवतो आणि बाकीचे मागे बसतात. याबद्दल लोक कुरकुर करतात. माझं मत उलट आहे. मागच्या सीटवर जेवढं शिकता येतं तेवढं पुढच्या सीटवर येत नाही, कारण पुढे बसलेल्याला घाम पुसायला फुरसत नसते. मागे बसून मला पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी दिसल्या, ज्या पुढे बसून आयुष्यभर दिसल्या नसत्या.

पहिली, आरसा. शाळेच्या गाडीतला मधला आरसा सरांकडे वळवलेला असतो. सर डावीकडे बसतात, मागून काय येतंय ते त्यांना दिसायला हवं, ठीकच आहे. पण उजवीकडच्या विद्यार्थ्याला त्या आरशात दिसतं काय? सरांची मिशी. बाहेरचा डावा आरसा दुमडलेला, कारण दुचाकीवाले जाता-येता त्याला धडक देतात. राहिला उजवा आरसा. तो आधीच्या विद्यार्थ्याच्या उंचीला लावलेला असतो, त्यात आभाळ छान दिसतं. अशा गाडीत शिकून बाहेर पडलेला माणूस मागे बघायचं असतं हे मानतच नाही. पुण्यात मागे न बघता वळणाऱ्यांबद्दल फार लिहून आलंय. हे शिक्षण त्यांना कुठे मिळालं, त्याचा शोध कोणी घेतलेला दिसत नाही. लायसन्सच्या चाचणीत काय काय तपासायचं याची यादी त्याच नियमांत आहे आणि तिच्या सुरुवातीलाच आरसा नीट लावून घेण्याचा उल्लेख आहे. तेव्हा गाडीत बसल्या बसल्या आरशाला हात घाला. सर म्हणतील, "त्याला हात लावू नका." म्हणा, "तुमच्यासाठी दुसरा लावून घ्या ना, चिकटवायचा मिळतो." चांगल्या शाळेत तो आधीच लावलेला असतो. शाळा निवडायची ही सगळ्यात स्वस्त कसोटी आहे: गाडीत मधले आरसे किती?

दुसरी गोष्ट म्हणजे सरांचे पाय.

शाळेच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतात. असावेच लागतात, कायदाच आहे तसा. सर दिसायला निवांत असतात. एका हातात फोन, दुसरा खिडकीबाहेर, तोंडात बडीशेप. पण नजर खाली न्या. खाली दुसराच माणूस काम करत असतो. काकांनी ब्रेक दाबायचा विचार करेपर्यंत सरांचा पाय दाबून मोकळा झालेला असतो. काका पहिला गिअर टाकून डोळे मिटतात, तेव्हा सरांचा डावा पाय क्लच असा हलक्या हाताने सोडतो, म्हणजे हलक्या पायाने, की गाडी तरंगत निघते. आणि वर सर म्हणतात, "वा काका! आज जमलं." काका घरी जाऊन काकूंना सांगतात, जमलं. काकू दोन घरी फोन करतात.

पाचव्या दिवशी काकांना वाटतं की आपण गाडी चालवतोय. दहाव्या दिवशी ते एका हाताने चालवतात. पंधराव्या दिवशी फोटो काढतात. आणि सोळाव्या दिवशी आपल्या स्वतःच्या गाडीत बसून सोसायटीच्या फाटकापर्यंत येतात, तेव्हा त्यांच्या लक्षात येतं की गेले दोन आठवडे त्यांनी फक्त स्टिअरिंग धरलं होतं. गाडी सरांनी चालवली, तीसुद्धा फोनवर बोलता बोलता. सरांना मी मानतो. दोन पायांनी एवढी गाडी चालवणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

यात सरांचा दुष्टपणा नसतो. सकाळपासून बारा जण गाडी बंद पाडणार, मागचे हॉर्न वाजवणार, क्लच प्लेट जळणार, आणि तिचा खर्च सरांच्या खिशातून जाणार. पाय आपोआपच पुढे येतो. म्हणून शाळेकडून जे वसूल करायचं ते पैशांत नाही, तर सरांनी पाय मागे घेतलेल्या मिनिटांत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रस्ता रिकामा दिसला की स्पष्ट सांगावं, "सर, आता तुम्ही पाय वर घ्या, गाडी बंद पडली तर पडू दे." काही सर हसून खरंच मांडी घालतात. हे सर सोडू नयेत. काही म्हणतात, "घेतलेत की!" तेव्हा मागच्या सीटवरच्याने वाकून बघावं. बॅचमेट असतात कशाला?

गाडी बंद पडण्याची लाज हा आणखी एक विषय आहे. आमच्या सोसायटीतल्या काकू सिग्नलला गाडी बंद पडली की मागे वळून हॉर्नवाल्यांना हात जोडायच्या. नमस्कार करायच्या वेळात सिग्नल पुन्हा लाल व्हायचा. सर म्हणायचे, "मॅडम, क्लच! मॅडम, क्लच म्हणतोय मी!" सरांची संबोधनं गिअरप्रमाणे बदलतात, हे मी टिपून ठेवलंय. न्यूट्रलमध्ये 'मॅडम', पहिल्या गिअरमध्ये 'ताई', दुसऱ्यात 'अहो', आणि रिव्हर्समध्ये नुसतंच 'ओ, ओ, ओ, ओ'.

रिव्हर्सवरून आठवलं. आमच्या शाळेची रिव्हर्सची पद्धत शास्त्रशुद्ध होती. मैदानाच्या कडेला एक बेवारस मॅटाडोर उभी होती. चारही टायर जमिनीला टेकलेले, काचेवर धूळ, धुळीत कोणाचं तरी प्रेमप्रकरण. सरांचं सूत्र असं: मॅटाडोरचा मागचा दिवा आपल्या मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात आला की डावीकडे फुल कट, तिचं पुढचं चाक दिसलं की स्टिअरिंग सरळ, प्रेमप्रकरण वाचता आलं की ब्रेक. या सूत्राने वर्षानुवर्षं लोक पास झाले. आमची बॅचही इतकी तरबेज झाली, की काका डोळे न हलवता गाडी मागे घ्यायचे.

मग एक दिवस महापालिकेची बेवारस वाहनं उचलायची मोहीम आली आणि मॅटाडोर गेली. तिच्या जागी मातीवर चौकोनी डाग राहिला. काका गाडी रिव्हर्सला टाकून बसले. काही दिसेना. "सर, आता कुठे वळवू?" सर स्वतःच हबकले होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि टेबलावरच्या मुलीला फोन करून सांगितलं, तू जरा स्कूटी घेऊन ये आणि इथे उभी राहा. ती आली. तिच्या हिशेबाने आम्ही दोन दिवस रिव्हर्स शिकलो. पण मॅटाडोर जांभई देत नसे, आणि तिला कोणाचे फोनही येत नसत.

सांगायचा मुद्दा असा, की खुणा पाठ करून घेणारी शाळा चाचणीपुरतं शिकवते. गाडीचा मागचा कोपरा कुठे संपतो, हे मान वळवून, आरशात बघून कळायला हवं. त्यासाठी रोज वेगळ्या जागी रिव्हर्स मागावा. एकदा भिंतीपाशी, एकदा दोन गाड्यांच्या मध्ये, एकदा सोसायटीच्या त्या खांबाशेजारी, ज्याला प्रत्येक बिऱ्हाडाने आपापला रंग दिलाय.

चढाचंही तसंच. पौड रस्त्यावरून टेकडीवर एआरएआयकडे जाणारा रस्ता चांगला चढतो. ही संस्था १९६६ साली स्थापन झालेली. देशभरातल्या गाड्या कसाला लागतात त्या तिथे. आणि खाली, त्याच चढावर, कोथरूडचे शिकाऊ लोक आपापल्या गाड्या कसाला लावत असतात. चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुन्हा काढणं चाचणीच्या यादीतही आहे, आणि त्याला पर्याय नाही. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू वर. कुकरची शिट्टी होण्याआधी झाकण जसं थरथरतं तशी गाडी थरथरते, तिथे पाय धरून ठेवायचा, थोडी रेस, आणि मग हँडब्रेक खाली. वाचायला हे दोन ओळींत होतं. काकूंनी मात्र या चढावर श्रीसूक्त पूर्ण म्हटलं होतं. मागे एक दुधाची गाडी अगदी चिकटून उभी. सर पाय मागे घ्यायला तयार नव्हते, आणि काकू ते मागे घेतल्याशिवाय क्लच सोडायला तयार नव्हत्या. शेवटी सर उतरले, दुधाच्या गाडीवाल्याला चार हात मागे जायला सांगून आले, बसले, आणि पाय वर घेतले. गाडी वीतभर मागे आली, थरथरली आणि गेली वर. काकू वर पोहोचल्यावर पंधरा मिनिटं खाली यायला तयार नव्हत्या. त्या दिवशीचं माझं गाडी चालवणं त्यात बुडालं, पण तक्रार नाही.

लर्निंग लायसन्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २०२१पासून त्याची परीक्षा राज्यात घरबसल्या संगणकावर देता येते. काकांनी तिची गुरुकिल्ली शोधून काढली होती: "पर्यायांतला जो सगळ्यात सज्जन दिसेल, तो दाबायचा." पुलावर समोरून गाडी येतेय? थांबायचं. पादचारी रस्ता ओलांडतोय? थांबायचं. मागच्याला पुढे जायचंय? जाऊ द्यायचं. काका पैकीच्या पैकी घेऊन उठले आणि म्हणाले, "पेपर उत्तम होता. यातलं एक जरी लक्ष्मी रोडवर केलं ना, तर बाहेर पडायला दिवाळी उजाडेल." हे लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्ससाठी मधे किमान ३० दिवस जावे लागतात. ही मधली मुदत सरावासाठी ठेवलेली आहे. बहुतेक लोक ती तारीख मोजण्यात घालवतात.

आमच्या बॅचमध्ये एक मुलगी होती, लग्न होऊन कॅलिफोर्नियाला चाललेली. तिला पुण्यात गाडी शिकून, लायसन्स काढून, वर आरटीओकडून वर्षभर चालणारं आंतरराष्ट्रीय परमिटही घ्यायचं होतं. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग डावीकडे. तिने विचारलं, "सर, तिकडचं काही वेगळं शिकवाल का?" सरांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "तिकडे तुम्ही माझ्या जागेवर बसणार. इथे बसून मी काय करतो ते बघत जा." आणि ती खरोखर मागच्या सीटवरून सरांचे पाय बघत शिकली. सगळ्यात आधी तिलाच गाडी आली.

'लेडी इन्स्ट्रक्टर उपलब्ध' असं लिहिलेलं दिसलं तर ती खरंच उपलब्ध आहे का, ते विचारावं. आमच्याकडे ती सरांची वहिनी होती आणि दोन-दोन महिने तिचा नंबर लागत नसे. पुरुषसुद्धा तिच्यासाठी थांबायचे. ती फोन उचलत नसे, नारळ घेत नसे आणि मांडी घालून बसे. फी तीच.

वेळ निवडतानाही लोक स्वतःला फसवतात. सकाळी साडेसहाची बॅच मिळाली की धन्य होतात. साडेसहाला कर्वे रस्त्यावर फिरायला निघालेले आजोबा आणि पेपरवाले एवढेच असतात. तिथे कोणालाही गाडी येते. नोकरीला जायला गाडी शिकायची असेल तर शेवटचे चार-पाच दिवस त्याच वेळी मागून घ्यावेत, ज्या वेळी पुढे जायचंय. सकाळी साडेनऊला, म्हात्रे पुलाकडे. एकदा अंधार पडल्यावर. एकदा पावसात, काचेवर वाफ धरलेली असताना, म्हणजे ती कुठल्या बटणाने जाते ते सरांसमोरच कळेल. एकदा पेट्रोल पंपावर, कारण टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे, हा प्रश्न पंपावर पोहोचल्यावर पडून उपयोग नाही. आणि एकदा एखाद्या मॉलच्या तळघरातल्या त्या गोल उतारावर. सर कुरकुरतील, "हे पॅकेजमध्ये नाही." जास्तीचे पैसे द्यावेत. या शाळेत पैसे टाकण्यासारखी जागा हीच.

केंद्र सरकारने २०२१ साली मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. त्यांत कारसाठी चार आठवड्यांत २९ तासांचं शिक्षण, आणि तिथून पास झालेल्याला आरटीओच्या चाचणीतून सूट. कल्पना झकास आहे. पण त्यासाठी एकरात मोजावी एवढी जागा लागते, आणि कोथरूडात एवढी जागा ज्याच्याकडे आहे, तो लोकांना क्लच शिकवत बसेल का टॉवर बांधेल? तेव्हा सध्या तरी इस्त्रीवाल्याच्या शेजारचे सर आपले.

शेवटचे दोन-तीन तास मात्र काही झालं तरी स्वतःच्या गाडीवर घ्यावेत. शाळेच्या गाडीचा क्लच इतक्या पायांखालून गेलेला असतो, की तो कुठे पकडतो हे त्यालाच आठवत नाही. तुमच्या गाडीचं सगळं वेगळं असतं. शिवाय तुमच्या गाडीत डावीकडे पेडल नसतात.

आमच्या काकूंनी सरांना आपल्या नव्या गाडीत बसवलं, तो दिवस पाहण्यासारखा होता, आणि मी मागे होतो. पंधरा दिवस बडीशेप खाणाऱ्या माणसाने बसताच सीटबेल्ट लावला, ओढून पाहिला. फोन खिशात गेला. खिडकीवरचा हँडल त्यांनी जो धरला, तो सुटेचना. काकूंनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, पहिला गिअर टाकला. सरांचा उजवा पाय खालच्या मॅटवर असा दाबला गेला, की मॅटला सुरकुती पडली. डहाणूकर कॉलनीपर्यंत तो पाय मॅटवर सतत खाली-वर होत होता. काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."

"ठाऊक आहे, मॅडम. म्हणून तर."

त्या दिवशी चौकात गाडी एकदा बंद पडली. काकूंनी हात जोडले नाहीत. न्यूट्रल, चावी, क्लच, पहिला गिअर, निघाल्या. सर काही बोलले नाहीत. मागून मात्र पाच-सहा हॉर्न एका सुरात वाजले, आणि त्यातला एक जण काच खाली करून काहीतरी बोलूनही गेला. गाडीच्या मागच्या काचेवर नियमाप्रमाणे पांढऱ्या पाटीवर लाल अक्षर होतं, दहा सेंटिमीटर उंच. ते वाचायला चष्मा लागत नाही.

पुढच्या वेळी तुमच्यापुढे अशी पाटी लावलेली गाडी सिग्नलला बंद पडली, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. आत सर ओरडतच असतात.